कमलअक्काचं विरजण

बुधवार, ११ डिसेंबर २०४१, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर विद्याधर मगदूम यांच्या नाकातून आठ नमुने घेण्यात आले. काम अकरा मिनिटांत आटोपलं. मऊ टोकाची लांब काडी नाकपुडीतून वर न्यायची, गालाच्या हाडामागच्या पोकळीच्या तोंडाशी तीनदा फिरवायची आणि कोमट द्रवाच्या नळीत बंद करायची. अशा आठ काड्या.

"काका, नाक अगदी लख्ख आहे तुमचं," नमुने घेणारी मुलगी म्हणाली. "या महिन्यात इतकं स्वच्छ नाक पाहिलं नव्हतं."

विद्याधरची बायको शालन दारात पिशवी धरून उभी होती. तिला बरं वाटलं. गेले नऊ दिवस आपण यांच्या मागं कसे लागलो होतो, हे सांगायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आपलं कौतुक आपणच काय करायचं, म्हणून ती गप्प राहिली.

नमुने तिसऱ्या मजल्यावर गेले. तिथे विद्याधरची भाची पद्मजा दाखल होती. दुपारी चार वाजता ते तिच्या नाकात सोडायचे होते.

नाकाभोवतीच्या हाडांत पोकळ्या असतात. कपाळात, गालांमागे, दोन डोळ्यांच्या मधोमध आणि त्याच्याही मागे खोल. आतून ओलं अस्तर असतं, त्यावर डोळ्यांना न दिसणारी केसाळ लव असते, आणि ती लव रात्रंदिवस शेंबूड एका बारीक भोकाकडे लोटत राहते. धुरानं, सर्दीनं भोवतालचं अस्तर सुजलं की भोक बुजतं. आतलं आतच साचतं. त्यात रोगजंतू वाढतात आणि अंगावर बुळबुळीत थर चढवून घेतात. त्या थराखाली औषध पोचत नाही. पूर्वी निदान काही प्रमाणात पोचायचं. २०३५च्या सुमाराला बहुतेक प्रतिजैविकं जंतूंना सवयीची झाली आणि वर्षानुवर्षं सायनस घेऊन जगणाऱ्यांना शस्त्रक्रियेखेरीज उपाय उरला नाही. शस्त्रक्रिया करावी, वर्षभरानं पुन्हा करावी.

मग उलट बाजूनं विचार झाला. निरोगी माणसाच्या पोकळ्या रिकाम्या नसतात, तिथेही जंतूंची वस्ती असते, आणि ती वस्तीच रोगजंतूंना थारा देत नाही. तेव्हा जंतू मारत बसण्यापेक्षा चांगल्या नाकातली वस्ती उचलून आजारी नाकात वसवली तर? डॉक्टर त्याला 'नासिका-रोपण' म्हणत. लोकांनी पहिल्याच वर्षी त्याचं 'विरजण' करून टाकलं, आणि पुढे डॉक्टरही तेच म्हणू लागले.

विरजण कुणाचंही चालत नाही. जन्मानंतरची पहिली आठ-दहा वर्षं ज्यांच्याबरोबर एका घरात, एका हवेत गेली, त्यांचंच माणसाला लागतं. आणि ते साठवून ठेवता येत नाही. त्या वस्तीत दहा-अकरा जातींचे जंतू एकमेकांच्या आधारानं राहतात. गोठवलं की दोन-तीन जाती मरतात आणि त्यांच्यामागून बाकीच्या. ते जगतं फक्त माणसाच्या नाकात.

विद्याधर शिरोळ तालुक्यातला गुळव्या. उसाच्या रसाचा गूळ करणाऱ्या कारागिरांतला मुख्य. चुलाणाच्या धुरात आणि रस आटवायच्या काहिलीच्या वाफेत तीस वर्षं गेली, त्यातली वीस सायनसमध्ये. तीन शस्त्रक्रिया झाल्या. पंचेचाळिसाव्या वर्षी वास गेला. काहिलीतला पाक उतरायला आला की नाही, हे तो आधी नाकानं ठरवायचा आणि मग थेंब पाण्यात टाकून बोटानं. नाक गेल्यावर नुसती बोटं राहिली. गूळ बिघडला नाही, पण कामावर जाताना त्याची मान खाली गेली.

२०३८ साली विरजणासाठी पहिली तपासणी शालनची झाली. चोवीस वर्षांचा संसार. तिला वाटलं, आपलंच लागणार. लागलं नाही. लागलं ते कमलअक्काचं. विद्याधरची थोरली बहीण.

"लहानपणी तुझं नाक मीच पुसलंय," कमलअक्का खुर्चीत बसता बसता म्हणाली होती. "आता माझं घे. तेवढं सांभाळ म्हणजे झालं."

तीन आठवड्यांनी एका सकाळी विद्याधर अंगणातून ओरडला, "शालन, दूध लागलंय बघ!" शालन स्वयंपाकघरात धावली. दूध खरंच लागलं होतं. ती करपलेलं पातेलं हातात धरून तिथंच रडत बसली.

पण दोन दिवसांनी शेजारणीपाशी म्हणालीही, "काय सांगू बाई, संसार माझ्याशी आणि नाकात नणंद." ते फिरून कमलअक्काच्या कानावर गेलं. कमलअक्कानं उलट निरोप धाडला, "तिला म्हणावं, नाकात आहे तेच बरं. डोक्यावर बसले असते तर?"

गेल्या वर्षी ऑक्टोबरात कमलअक्का हृदयविकारानं गेली.

तिची एकुलती मुलगी पद्मजा इचलकरंजीत एका कापड गिरणीत तपासनीस होती. भिंग डोळ्याला लावून इंचभर कापडातले धागे मोजायचे, हे तिचं काम. यंत्रं तेच काम करत. यंत्रांनी कुठे चूक केली, हे पद्मजा सांगे. या जुलैत तिला न्यूमोनिया झाला. जीव वाचवायला जे जालीम औषध दिलं, त्यानं नाकातली वस्तीही धुऊन नेली. मोकळ्या जागेत रोगजंतू शिरले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पू उजव्या डोळ्याशेजारच्या पोकळीत भरला. तिथे पोकळी आणि डोळा यांच्यामध्ये जे हाड असतं ते कागदाइतकं पातळ. दोनदा पू काढला, दोनदा भरला. एक शेवटचं औषध शिरेतून सतत चालू होतं. त्यानं आजार बरा होत नव्हता, फक्त थोपला होता.

आईचं विरजण पद्मजाला लागलं असतं. आई नव्हती. आईचं विरजण मात्र होतं, मामाच्या नाकात.

रुग्णालयातून फोन आला तो २० नोव्हेंबरला. नमुने देण्यापूर्वी एकवीस दिवस पाळायची पथ्यं फोनवर आली. शालननं ती मोठ्यानं वाचून दाखवली. प्रतिजैविकं नकोत. नाकात थेंब नको, फवारा नको. तंबाखू नको, तपकीर नको. धूर नको.

विद्याधरनं ऐन हंगामात गुऱ्हाळाकडे जाणं बंद केलं. गुऱ्हाळ घरापासून दोनशे पावलांवर, उसाच्या फडापलीकडे. तो अंगणात पाटावर बसून राही आणि वाऱ्यावरून पाकाचा वास आला की तिथूनच ओरडे, "उतरा रे, आलाय!" पोरं हसत हसत काहील उतरवत. आणि पाक बरोबर आलेला असे.

२ डिसेंबरला त्याला बारीकशी सर्दी झाली.

"असल्या शेंबड्या नाकातलं पोरीला द्यायचं?" शालन म्हणाली.

"डॉक्टरांनी काही घेऊ नको म्हणून सांगितलंय."

"औषध घेऊ नको म्हटलंय. वाफ काय औषध आहे? तुम्ही बसा बघू गुमान."

यादीत वाफेचं नाव नव्हतं. मिठाच्या पाण्याचंही नव्हतं. यादी तयार करणाऱ्यांच्या घरी बहुधा या गोष्टी कुणी करत नसावं. शालनच्या घरी सर्दी झाली की हेच करत, आणि एरवी ते चांगलंच. तिनं दिवसातून तीनदा चादरीखाली वाफ दिली, पाण्यात निलगिरीचं तेल, तेही हात सैल सोडून. सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला लावलं. सर्दी चौथ्या दिवशी गेली. तरी तिनं थांबवलं नाही. द्यायचं ते स्वच्छ करून द्यायचं.

हे तिला कमलअक्कानंच शिकवलं होतं. शालन नवी नवरी असताना कमलअक्का त्याच गावात, दोन गल्ल्या सोडून राहायची. एकदा तिच्याकडचं दही नासलं, म्हणून शालननं वाटीभर विरजण पाठवलं. चुलीपाशी भरलं होतं. त्यात काजळीचा एक कण पडलेला तिला दिसला नाही. वाटी तासाभरानं परत आली, रिकामी, घासलेली, आणि वर निरोप. "म्हणावं, देताना भांडं बघून द्यावं माणसानं." चार बायकांसमोर. शालन त्या दिवशी जेवली नव्हती. त्यानंतर सत्तावीस वर्षांत तिच्या घरातून बाहेर गेलेली एकही वाटी दोनदा पुसल्याशिवाय गेली नाही.

वाफ सुरू झाल्याच्या सातव्या दिवशी दुपारी विद्याधर पाटावर बसूनच होता. गुऱ्हाळात काहील उतरली तरी तो ओरडला नाही. शालनला वाटलं, वारा फिरला असेल.

नमुने दिल्यावर, बुधवारी दुपारी एक वाजता ती पद्मजाच्या खोलीत गेली. पद्मजाच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि गाल सुजून तुकतुकीत झाला होता. दोन्ही हातांना सुया.

"मामी, डब्यात काय?"

"मऊ भात. मेतकूट आहे वर."

"वास येईना मला कशाचाच. तरी पण मेतकूट आहे हे ऐकून बरं वाटलं."

अडीच वाजता डॉक्टर तेहसीन मुल्ला आल्या. चाळिशीच्या, बारीक, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी स्टुल ओढलं आणि पद्मजाला पुढचं समजावलं. चार वाजता शिरेतलं औषध बंद करायचं, कारण ते चालू असताना नवं विरजण जगणार नाही. मग नमुने सोडायचे. पहिले दोन दिवस धोक्याचे; औषध नाही आणि वस्ती अजून बसलेली नाही, अशी वेळ.

"आणि लागलंच नाही तर?" पद्मजानं विचारलं.

"तर दोन दिवसांत पू डोळ्यामागं जाईल, कदाचित मेंदूकडे. मी खोटं सांगणार नाही. पण तुमच्या मामांचं विरजण तीन वर्षं उत्तम टिकलंय. त्यांच्या नाकात ते चिकट अस्तर आहे ना, तेच आपलं दही. लोक त्याला घाण समजतात. आम्हाला तेच हवं असतं."

शालन डब्याचं झाकण लावत होती. तिचा हात थांबला.

डॉक्टर निघून गेल्या. पद्मजा डोळा मिटून पडली. शालन खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. लख्ख, असं ती मुलगी म्हणाली होती. वारा फिरला नव्हता. त्या दिवशी अंगणात वाळत घातलेली लुगडी गुऱ्हाळाकडून घराकडेच उडत होती; तिनं स्वतः पाहिली होती.

सांगायचं की नाही, हे तिला ठरवता येईना. सांगितलं तर लोक काय म्हणतील ते तिला ठाऊक होतं. नणंद नाकात खपत नव्हती, दिली धुऊन टाकून. गावात ते वाक्य आजच रात्री पोचेल. न सांगावं, तर कदाचित काही राहिलंही असेल आत, देवाला काळजी. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. सव्वातीन झाले. परिचारिका येऊन सुईची नळी तपासून गेली.

तीन वाजून बावीस मिनिटांनी शालननं डॉक्टरांच्या खोलीचं दार लोटलं.

"बाई, मी ह्यांना वाफ दिली," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "नऊ दिवस. निलगिरी घालून. आणि मिठाच्या पाण्यानं धुतलं. मला वाटलं, पोरीला द्यायचं तर स्वच्छ द्यावं."

डॉक्टर मुल्लांनी पेन खाली ठेवलं. "दिवसातून किती वेळा?"

"तीनदा वाफ. धुणं दोनदा."

"तेल किती?"

शालननं तळहाताचा खळगा करून दाखवला.

डॉक्टरांनी तो तळहात पाहिला. मग त्यांनी फोन उचलला. "तिसऱ्या मजल्यावरचं औषध बंद करू नका. चालूच ठेवा." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "बसा तुम्ही. यादीत हे असायला हवं होतं. ते आमच्याकडून राहिलं. ऐकताय ना? आमच्याकडून."

शालन बसली नाही.

विद्याधर जिन्यापाशी बाकावर होता. तिनं त्याला सांगितलं.

"मला सातव्या दिवशीच कळलं होतं," तो म्हणाला. "पाकाचा वास येईना झाला. म्हटलं, सर्दीचं राहिलं असेल."

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर खरं झालं असतं."

त्यानं रुमाल काढला, नाकाला लावला, खोल श्वास घेतला आणि रुमाल घडी करून परत खिशात ठेवला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो तिच्याशी काही बोलला नाही. ती शेजारी बसून होती. बाकावर दोघांच्या मध्ये जेवणाचा डबा होता.

आठही नमुने काचेच्या आठ बशांत घातले गेले. बशीत नाकातल्यासारखी ऊब, नाकातल्यासारखा ओलावा. काही जिवंत असेल तर पाच-सहा दिवसांत दिसेल. औषध फार तर पुढच्या मंगळवारपर्यंत आजार थोपवेल, असा अंदाज होता. मंगळवारी, १७ डिसेंबरला सकाळी नऊ वाजता शस्त्रक्रिया ठरली. पोकळी साफ करायची आणि तिच्यासोबत उजवा डोळा काढायचा.

शालन घरी गेली नाही. गुरुवारी तिनं पद्मजाची वेणी घातली, शुक्रवारी पुन्हा घातली. शनिवारी बशा रिकाम्या होत्या. रविवारी दुपारी पद्मजा म्हणाली, "मामी, किती वेळा पुसाल तो गिलास? काच झिजेल."

शालननं गिलास खाली ठेवला. मग एकदम म्हणाली, "तुझ्या आईनं माझी वाटी परत पाठवली होती. काजळीचा कण होता म्हणून. तिचंच मनात धरून मी हे करून बसले गं."

पद्मजानं उशीवर मान तिच्याकडे वळवली.

"विरजणाची वाटी? ती गोष्ट आई सांगायची की. पण वाटी रिकामी आली होती ना तुमच्याकडं?"

"घासून आली होती."

"मग विरजण कुठं गेलं, विचार नाही केलात?"

शालननं मान वर केली.

"आईनं चमच्यानं कण बाजूला काढला आणि तेच लावलं. त्या दिवशीसारखं दही पुन्हा कधी लागलं नाही म्हणायची. पुढं आमच्याकडं वर्षानुवर्षं तेच चाललं. इचलकरंजीला जातानाही बरणीत घालून नेलं."

"मग मला का बोलली ती चौघींत?"

"आई होती ती, मामी. चांगलं म्हणायचं तर तिचा जीव जायचा." पद्मजाला हसू आलं, पण सुजलेला गाल दुखला आणि ते अर्ध्यावरच थांबलं. "तुम्हाला कधीच सांगितलं नाही तिनं?"

"न्हाई," शालन म्हणाली.

सोमवारी सकाळी त्याच बाकावर बसल्या बसल्या विद्याधरचं कपाळ दुखायला लागलं. भुवईच्या वर, डावीकडे, जुन्याच जागी. त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. पण तो दोन बोटांनी जागा दाबत होता आणि शालननं ते पाहिलं. ती उठली, सवयीनं रुग्णालयातल्या नातेवाइकांसाठीच्या स्वयंपाकाच्या खोलीकडे पाणी तापवायला निघाली, आणि दाराशी जाऊन थांबली. परत येऊन त्याच्या शेजारी बसली. डबा उचलून तिनं पलीकडे ठेवला. बऱ्याच वेळानं त्यानं तिचा हात हातात घेतला आणि तिची बोटं आपल्या कपाळावर, दुखत्या जागी नेऊन ठेवली.

त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी डॉक्टर मुल्लांनी दोघांना खाली बोलावलं. टेबलावर आठ बशा मांडल्या होत्या. सात स्वच्छ. सहाव्या बशीत कडेला एक कण होता. मोहरीच्या निम्मा, मळकट पांढरा.

"सकाळी नव्हता," डॉक्टर म्हणाल्या.

"अक्काचा आहे?" विद्याधरनं विचारलं.

"माहीत नाही. त्या वस्तीतली एखादी जात असेल. किंवा हाताळताना बाहेरून पडलेली घाण असेल. कळायला छत्तीस तास लागतील. आणि असली तरी ती एकच जात आहे. एकावर बाकीची वस्ती उभी राहते का, हे अजून कुणी करून पाहिलेलं नाही."

शालन वाकून बघत होती. तिचा पदर बशीकडे झुकला, तशी ती झटकन मागे सरली आणि दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिली.

"ही बशी पुसू नका हं कुणी," ती म्हणाली.

मंगळवार, १७ डिसेंबर. सकाळी साडेसात वाजता पद्मजाच्या डोळ्याची तपासणी झाली. पट्टी काढल्यावर उजव्या डोळ्याला खिडकीची चौकट दिसली, गज मोजता आले नाहीत. तिनं तीनदा प्रयत्न केला. सूज कालच्याएवढीच होती. आठ वाजून दहा मिनिटांनी शस्त्रक्रिया चोवीस तास पुढे ढकलण्यात आली; याहून अधिक वेळ देता येणार नाही, असं डॉक्टर मुल्लांनी पद्मजाला आणि मगदूम पती-पत्नींना सांगितलं. नऊ वाजता सहावी बशी पुन्हा पाहण्यात आली. कण वाढला आहे. तो कशाचा आहे, हे अजून कळलेलं नाही.